पुकारेअप्पांचे दोन कान

आमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, उघड्या डोक्यानं फिरणारा एकच माणूस होता, तो म्हणजे पुकारेअप्पा. बाकी सगळ्यांच्या डोक्यावर टोपी, रुमाल, उपरणं, अगदीच काही नसलं तर पोत्याची घडी. अप्पांनीही साठीपर्यंत पांढरा रुमाल बांधला होता, आणि तो इतका रुबाबात बांधत की लग्नाकार्यात रुमाल बांधून घ्यायला लोक त्यांच्यासमोर रांग लावत. पण पुण्याला कानाचं ऑपरेशन करून आले आणि त्यांनी रुमाल सोडला तो सोडलाच. उजव्या कानामागं नवं यंत्र, त्यातून निघालेली वायर, वायरीच्या टोकाला रुपयाएवढी चकती, ती केसांत डोक्याला चिकटलेली. डाव्या कानात जुनं, पिवळट पडलेलं मशीन. कोणी टक लावून बघायला लागलं की अप्पा त्याच्यापुढं मान वाकवायचे, आधी एक बाजू, मग दुसरी. "बघ निवांत. चावत न्हाई." बघणाराच लाजून वाटेला लागायचा.

पुकारे हे त्यांचं आडनाव नव्हे. मोंढ्यात मालाची हर्रास, म्हणजे लिलाव होतो. शेतकऱ्यांनी आणलेल्या तुरीचे, सोयाबीनचे ढीग आडतींसमोर, म्हणजे दलालांच्या दुकानांसमोर लागतात, खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकतो आणि चारी बाजूंनी बोली येते. ती बोली मोठ्यानं पुकारायची आणि शेवटी माल कोणाच्या नावावर गेला ते सांगायचं, हे पुकाऱ्याचं काम. अप्पांच्या वडिलांनी ते केलं, नंतर अप्पांनी. माझे वडील गेल्यावर मी आमच्या आडतीच्या गादीवर बसले तेव्हा अर्ध्या मोंढ्याच्या पोटात दुखलं होतं. बाईमाणूस गादीवर म्हणजे काय. अप्पा पहिल्याच दिवशी आमच्या ओट्यासमोर आले आणि "शैलाबाईची आडत" असं एवढ्या मोठ्यानं ओरडले की स्टँडवर मानवतच्या गाडीची वाट बघणाऱ्यांनीही ऐकलं असेल. त्यानंतर कोणाची काही बोलायची छाती झाली नाही. तेव्हा मी त्यांच्याबद्दल निःपक्षपातीपणे लिहीन अशी आशा कोणी करू नये.

अप्पांचा एक नेम होता. हर्रास चालू असताना ते कोणाच्या तोंडाकडे बघत नसत. मूठभर धान्य तळहातावर घेऊन नजर त्यावर, नाही तर ढिगावर. "ढिगाकडं बघायचं, माणसाकडं न्हाई," हे त्यांच्या वडिलांचं वाक्य. पुकाऱ्यानं एखाद्या व्यापाऱ्याकडे नुसतं बघितलं तरी दुसऱ्याला वाटतं इशारा झाला, आणि शेतकऱ्याला वाटतं आपला गळा कापायचं आधीच ठरलंय. म्हणून नजर खाली आणि कान चौफेर. कोण बोललं हे अप्पा फक्त गळ्यावरून ओळखत. दाळमिलवाल्या शेठचा आवाज चिरका, गफूरभाईंचा घोगरा आणि जाड, आणि अशी आणखी कितीतरी माणसं. एवढ्या कालव्यात त्यांचं एक नाव चुकत नसे. शेतकरी लांबून माल घेऊन आमच्याच मोंढ्यात येत, त्याला हे एक कारण होतं.

अशा माणसाचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. एका मोठ्या आजारपणानंतर सुरुवात झाली. दोन्ही कानांत मशीन आलं, मग उजवा कान मशीनलाही दाद देईना. डाव्यात जाड आवाज तेवढे पोचत: ट्रॅक्टर, ढोल, गफूरभाई. कोणी बोलतंय हे कळे, काय बोलतंय ते कळत नसे. मग एक दिवस सगळ्यांच्या लक्षात आलं की अप्पा आता बोली बोलणाऱ्यांची तोंडं बघायला लागलेत. पहिल्यांदा बोलला तो एक शेतकरीच. "अप्पा, तुमी शेठकडं कामून बघायलात?" अप्पांनी हातातली तूर ढिगावर टाकली, ओट्यावरून खाली उतरले आणि घरी निघून गेले. तोंडं बघून पुकारायचं नाही म्हणजे नाही. गावभर झालं, अप्पा रिटायर झाले. मी भेटायला गेले तर म्हणाले, "रिटायर न्हाई शैले. बंद पडलोय. दुरुस्तीला जायलोय."

दुरुस्ती पुण्याला झाली. उजव्या कानाच्या आत यंत्राचा एक भाग बसवला, जखम भरल्यावर बाहेरचा भाग लावून ते चालू केलं. अप्पांची समजूत अशी की बटण दाबलं की वाडवडिलांचा मोंढा जसाच्या तसा ऐकू येणार. ऐकू आलं ते भलतंच. काही दिवस सगळं जग पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळल्यासारखं वाजलं. पुढं त्यातून शब्द निघायला लागले. परभणीला तपासणीच्या एक मॅडम होत्या, पोरसवदा, पण कामाला वाघीण. त्यांनी नव्या कानाला सवय लागावी म्हणून सांगितलं, रोज थोडा वेळ जुनं मशीन काढून नुसत्या नव्या यंत्रावर ऐका, कोणी तरी वाचून दाखवा. आता हे वाक्य अप्पांच्या मुलानं, म्हणजे शिवलिंगनं ऐकलं. पोरगा मापाडी आहे, मोंढ्यातच धान्य मोजतो. आमच्याकडे दुकानात नवा काटा आला की जुना त्याच दिवशी हलवतात. एका दुकानात दोन काटे म्हटलं की येणाराजाणारा संशय घेतो, एक घेण्याचा आणि एक देण्याचा म्हणून. शिवलिंगनं तोच न्याय बापाच्या कानांना लावला. नवं आलं, जुनं कपाटात, वर कुलूप. आणि गंमत म्हणजे अप्पांनाही ते पटलं. जन्म मोंढ्यात गेलेला.

चांगली प्रगती झाली. वाचून दाखवलेलं समजे, समोरच्याचं बोलणं समजे, पाठ फिरवून बसलेल्याचंही बरंचसं समजे. अप्पांना दम निघेना. तुरीचा हंगाम सुरू झाला तसे ते एका सकाळी येऊन ओट्यावर उभे राहिले. नजर ढिगावर, हातात तूर, आणि आवाज तोच. मला इतका आनंद झाला की मी गादीवरून उठून बाहेर आले. बोली चढली, थांबली, अप्पांनी तीन वेळा पुकारलं आणि माल दाळमिलवाल्या शेठच्या नावावर लावला. शेठ तर मघाशीच गप्प झाले होते. शेवटची बोली गफूरभाईंची.

"अप्पा, बोली मेरी थी, नाम उनका कैसा लग्या?" गफूरभाई म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच कळेना. आकडा बरोबर ऐकला होता, माणूस चुकला होता. चिरका गळा आणि घोगरा गळा यात शेंबडं पोरही गल्लत करणार नाही. मोंढा हसला. अप्पा माझ्या ओट्यावर येऊन बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "शैले, शब्द यायलेत, पर समदे एकाच गळ्यातून बोलायलेत. घरचे बी तसेच, दारचे बी तसेच." मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना घाबरलेलं पाहिलं.

आमच्या लोकांना एखाद्याला घालवायचं असलं की ते भांडत नाहीत, सत्कार करतात. बाजार समितीच्या मंडळींनी चार दिवसांत अप्पांचा सत्कार ठरवला. मांडव, माईक, शाल, श्रीफळ. एकामागून एक जण उठले आणि अप्पांच्या सेवेबद्दल बोलले, जणू माणूस गेलेला आहे आणि आपण तेराव्याला जमलोय. शेवटी अप्पांच्या हाती माईक दिला, जो त्यांना आयुष्यात कधी लागला नव्हता. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"बोललेलं समदं कळलं," ते म्हणाले. "कोण कोण बोललं ते कळलं न्हाई. मंग आभार कोणाचे मानू? नारळ घेतो, महादेवाला फोडीन. शाल न्हाई घेत. थंडी वाजायली की मागून घीन."

आणि उतरून चालते झाले. मांडवात मी टाळ्या वाजवल्या, एकटीनं. त्याबद्दल मला नंतर बरंच ऐकून घ्यावं लागलं आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

घरी जाऊन त्यांनी शिवलिंगकडे कपाटाची किल्ली मागितली. शिवलिंग म्हणाला, अप्पा, नव्याची सवय मोडंल. अप्पा म्हणाले, "मोडू दे. ज्यांनी माझ्यावर गोड गोड भाषणं केली त्यांचे गळे मला ऐकायचेत." म्हणजे जुनं मशीन परत कानात आलं ते निव्वळ रागानं आलं. यात कुठलं शास्त्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या आडतीत येऊन बसले, उजव्या कानावर नवं, डाव्यात जुनं. आमचा हमाल काशिनाथ मागून पोतं घेऊन आला आणि "बाजूला व्हा अप्पा" म्हणाला. अप्पा वळले नाहीत. "काश्या, गळा बसलाय तुझा. गुळण्या कर," म्हणाले. काशिनाथ पोतं पाठीवर तसंच घेऊन उभा राहिला. मला रडू आलं, आणि गिऱ्हाईक समोर असताना मी ते लपवलं नाही.

त्याच आठवड्यात मी दोघा बापलेकांना घेऊन परभणी गाठली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मी जुनं काढून टाका असं कधी म्हणाले? रोज थोडा वेळ सराव म्हणाले होते." मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. नव्या यंत्रानं शब्दांच्या कडा कळतात, कोणता शब्द ते कळतं. पण गळ्याची जाडी, चढउतार, बाई बोलते की बाप्या, हे त्याला नीट पकडता येत नाही. डाव्या कानात खालचे, जाड आवाज अजून शिल्लक होते आणि जुनं मशीन ते उचलत होतं. एक शब्द आणतं, दुसरं माणूस आणतं, आणि मेंदू दोन्ही जोडून घेतो. सगळ्यांचं इतकं छान जुळतं असं नाही, पण अप्पांचं जुळत होतं. मॅडमनी दोन्हीचा आवाज एकमेकाला जुळवून दिला, आणि सराव सोडलात तर बघा, असा दमही दिला. अप्पांना दम देणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. बाहेर आल्यावर अप्पा शिवलिंगला म्हणाले, "काटे दोन न्हाईत लेका. एका काट्याची दोन पारडी हायत. तू एक पारडं काढून कपाटात ठेवलं व्हतंस."

मग माझ्या आडतीत शाळा भरली. दुपारी मोंढा मोकळा झाला की अप्पा भिंतीकडे तोंड करून बसत आणि हमाल, मापाडी, चहावाला, जो सापडेल तो मागून काहीतरी बोले. काय बोललं आणि कोण बोललं हे दोन्ही अप्पांनी सांगायचं. आधी शांततेत, मग पंखा लावून, मग दारात टेम्पो चालू ठेवून. चुका खूप झाल्या. टेम्पोसमोर तर पुरती दाणादाण उडायची. पण चुकल्यावर अप्पा खजील होत नसत, चिडत. "पुन्हा बोल," म्हणत. पुन्हा, पुन्हा. चहावाला वैतागून म्हणाला, "अप्पा, आता बास करा, घसा सुकला." अप्पांनी त्याला त्याचाच चहा पाजला आणि पुढं बोलायला लावलं.

तुरीचा हंगाम भरात असताना ते परत ओट्यावर उभे राहिले. घोळक्यात कुजबुज झाली. दाळमिलवाले शेठ पुढं झाले. माणूस वाईट नव्हता, पण आपला शब्द मोंढ्यात अखेरचा असतो अशी त्यांची पक्की समजूत होती. "अप्पा, तुमच्याबद्दल आदर हाय, पर धंद्यात परवडत न्हाई. परत नाव चुकलं तर जिम्मेदारी कोणाची?" अप्पा म्हणाले, "ढीग ज्याचा हाय त्यानं ठरवावं. तुमी माल घेणारे, तुमी कोण ठरवणार?" आता कोणता शेतकरी आपल्या वर्षाच्या मालावर असला प्रयोग करून घेईल? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आज पुकारायला मिळालं नाही तर अप्पांना परत कोणी ओट्यावर चढू देणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

बोरीकडची एक बाई आपल्या तुरीजवळ उभी होती. कपाळाला आडवं भस्म, पदर खोचलेला. ती म्हणाली, "माह्या ढिगावर करा. हे बाबा माणसाचं तोंड बघत न्हाईत म्हणूनच तर मी हितं येते."

अप्पांनी तिच्या ढिगातली तूर हातात घेतली आणि मान खाली घातली. बोली सुरू झाली. कोणाच्या तरी डोक्यात आलं असावं की अप्पा जागेवरून ओळखत असतील, कोण कुठं उभं राहतं ते त्यांना पाठ आहे. कारण बोली चढत असताना शेठ अलगद सरकत गफूरभाईंच्या जागेवर गेले आणि गफूरभाईंना कोणी तरी ओढून पलीकडे नेलं. हे मला दिसत होतं, अप्पांना दिसत नव्हतं. ओरडून सांगावं असं फार वाटलं, पण तोंड दाबून उभी राहिले. शेठनी तिथून बोली दिली. अप्पांनी आकडा पुकारला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग तळहातावरची तूर ढिगावर सोडली.

"शेठ, जागा बदलली, गळा न्हाई बदलला," ते म्हणाले. "माल तुमचा."

गफूरभाई पोट धरून हसायला लागले आणि शेवटी शेठही हसले, जरा उशिरानं. बोरीची बाई तेवढी हसली नाही. "झालं ना? मंग माप करा लवकर, मला गाडी धरायची हाय," म्हणाली.

त्यानंतर काही वर्षं अप्पांनी पुकारलं. चुकले नाहीत असं मी म्हणणार नाही. दोन व्यापारी भावांचे गळे त्यांना शेवटपर्यंत वेगळे करता आले नाहीत. त्या दोघांना त्यांनी बोलीआधी आपलं नाव सांगायला लावलं. ट्रॅक्टर चालू असला की ते हात वर करत आणि हर्रास थांबवत. "बंद कर. पुन्हा बोला." पूर्वी पुन्हा विचारणं म्हणजे पुकाऱ्याला कमीपणा. अप्पांनी ती रीतच करून टाकली. कोणी कुरकुर केली तर म्हणत, "ज्याला दोनदा बोलायचा कंटाळा, त्याला मालाची गरज न्हाई." हळूहळू असं झालं की ज्यांना कमी ऐकू येतं असे म्हातारे शेतकरी, जे आजवर मान डोलावून गप्प राहायचे, ते पुकारेअप्पांच्या जिवावर व्यापाऱ्याला उलट सांगायला लागले, ऐकू आलं न्हाई, पुन्हा बोला. मोंढ्यात एवढी म्हातारी माणसं बहिरी आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर अप्पा गेले. हृदयाचं दुखणं होतं. परभणीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत मी गेले तेव्हा दुपार होती. ते डोळे मिटून पडलेले, बोलण्याची ताकद राहिली नव्हती. दोन्ही यंत्रं काढून नर्सनं नीट डबीत ठेवली होती. भेटायला येणारे येत, अप्पांच्या अंगावरून नजर फिरवत आणि शिवलिंगशी बोलत. काकू, म्हणजे अप्पांची बायको, खाली चटईवर बसलेल्या. ही बाई मी जन्मात कधी चारचौघांत बोलताना ऐकली नव्हती. मोंढ्यातला सगळा आवाज नवऱ्याला देऊन त्या गप्प राहिल्या, असं आम्ही थट्टेनं म्हणायचो.

त्या शिवलिंगला म्हणाल्या, यंत्र लाव. शिवलिंगनं नवं लावलं. जुन्याचा सेल संपला होता. "एक पुरे आई," तो म्हणाला, "आता कोणतं त्यांना मोंढ्यात जायचंय?" बाप जाणार हे त्याला सोसवत नव्हतं, म्हणून तो असं बोलला, हे मला दिसत होतं. काकू उठून उभ्या राहिल्या.

"एकानं त्यांला बोललेलं कळंल," त्या म्हणाल्या. "मीच बोलायले हे कळणार न्हाई. आन् आज मला तेच कळवायचंय. सेल आण."

सगळा वॉर्ड बघायला लागला. डॉक्टर दारात थांबले. शिवलिंग पळत खाली गेला. तो येईपर्यंत काकू तशाच उभ्या होत्या, कोणाकडेही न बघता, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. सेल आल्यावर जुनं मशीन त्यांनी स्वतः अप्पांच्या कानात बसवलं, आणि वाकून, कमी ऐकणाऱ्या नवऱ्याशी बोलायच्या इतक्या वर्षांच्या सवयीनं मोठ्यांदा, घरचं सांगायला सुरुवात केली. म्हैस व्याली, कालवड झाली. थोरली लेक उद्याच्या गाडीनं निघायलीय. परसातल्या सीताफळाला औंदा लय फळ हाय, पोरं ऐकंनात, कच्चीच तोडायलेत. अप्पांनी डोळे उघडले नाहीत. पण त्यांचा हात पांघरुणातून बाहेर आला, काकूंच्या मनगटावर बसला, आणि मोंढा गाजवलेल्या त्या गळ्यातून अगदी बारीक आवाज आला.

"ओरडू नको गं. मी हितंच हाय."